जोडीदार वर आहे

३ ऑक्टोबर

पोरी,

तू बरी असशील असं धरून चालते. तू काही कळवत नाहीस, तेव्हा धरून चालण्यावाचून मला दुसरा इलाज नाही. मी मजेत आहे. गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे, आणि गुडघाही जागेवरच आहे, फक्त आपण तिथे आहोत हे तो दिवसभर सांगत बसतो.

मागची पत्रं पोचली नसतील असं मी म्हणणार नाही. पोस्टमनशी माझं वैर नाही. तुला लिहायचं नाही, सरळ आहे. मला लिहायचं आहे, हेही तितकंच सरळ आहे.

तू गेलीस त्या दिवशी मी दुकानात एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. घरी आले तर दाराशी तुझे बूट नाहीत, आतल्या खोलीतलं तुझं नकाशांचं टेबल रिकामं, आणि ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी किल्ली. तो गॅलरीत पाठ करून उभा. "आई, आमचं ठरलंय," म्हणाला. ठरलं तर ठरलं. नवरा-बायकोच्या मध्ये सासूने पडू नये एवढं मला कळतं, आणि माझा मुलगा काय चीज आहे हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. पण तुझं मोडलं ते त्याच्याशी. माझ्याशी कधी मोडलं? मला तर कोणी कळवलं नाही. तू संध्याकाळपर्यंत थांबली असतीस तर मी काही तुला बांधून ठेवणार नव्हते. रागावलेय मी तुझ्यावर. एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

लिहायचं कारण असं की आपली खाण बुजवणार आहेत. बसच्या शेवटच्या थांब्यावर पाटी लावली आहे. हिवाळ्याआधी तोंडावर काँक्रीट ओतणार आणि वरची वाट बंद करणार. तुझ्या सासऱ्यांनी जिथे उभा जन्म काढला तिथे आता सिमेंटची भिंत. आत पोरंटोरं शिरतात, धोका आहे, असं म्हणतात. असेल. तांबं काढून नेत होते तेव्हा कोणाला धोका दिसला नव्हता.

झाडं पिवळी पडायला लागली आहेत. दर पानगळीला आपण दोघी वर जायचो. तो कधीच यायचा नाही, डोंगराचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायचं. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी जाणार आहे. तू ये. त्याला भेटायची गरज नाही, घरी यायचीही नाही. सकाळच्या बसने थांब्यावर ये, संध्याकाळच्या बसने परत जा. अंडी मी उकडून आणेन, चहा तू आण, माझा थर्मास गळतो.

आली नाहीस तर मी एकटी जाईन. काळजी करू नकोस. वाट माझ्या पायाखालची आहे.

मीच


११ ऑक्टोबर

पोरी,

दुकानात मरणाचं काम आहे. गारठा पडला की लोकांना जाकिटाची चेन बिघडल्याचं आठवतं, आणि ती सगळ्यांना उद्याच हवी असते. मालकाने माझं मशीन खिडकीपाशी हलवलं. म्हणतो, तुम्हाला उजेड हवा. मला उजेड नको, मला नवा चष्मा हवा, पण तेवढं म्हटलं तर तो म्हणेल आता घरीच बसा. म्हणून उजेडाबद्दल आभार मानले.

तू बोलत नाहीस त्यावरून मला ठेंगू आठवला. तुझ्या सासऱ्यांचा खाणीतला जोडीदार. गोष्ट मी तुला शंभरदा सांगितली आहे, एकशे एकाव्यांदा ऐक, तुझं काही बिघडत नाही.

खाणीत एकटं कोणी उतरत नसे. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि पाळी संपली की जोडीदार बाहेर आल्याशिवाय डोंगर उतरायचा नाही. तोंडाशी लाकडी बाक होतं, त्यावर बसून राहायचं. 'तू जा, मी थांबतो' असं दुसरं कोणी म्हणालं तरी उठायचं नाही, कारण मुकादम बाकाकडे बघूनच ठरवायचा. बाकावर माणूस दिसला म्हणजे आत अजून कोणीतरी आहे. बाक रिकामं म्हणजे सगळे बाहेर आले, दार लावा. इतका साधा हिशेब होता, आणि त्यात एकदाही चूक झाली नाही.

तर एका पानगळीत तुझे सासरे आणि ठेंगू भांडले. कशावरून, तर फावड्याच्या दांड्यावरून. तो म्हणे दांडा तू मोडलास, हे म्हणत आधीच तडा गेला होता. सबंध हिवाळा एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. दोघं डोंगर उतरताहेत, एक या कडेने, एक त्या कडेने, दोघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. पण एकटा कधी कोणी उतरला नाही. ठेंगूला उशीर झाला की हे बाकावर बसून राहायचे आणि घरी माझं जेवण गार व्हायचं. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक जण म्हणाला, "आज पाऊस येणार," दुसरा म्हणाला, "येऊ दे," आणि मिटलं.

तेव्हा तू बोलू नकोस हवं तर. ते मी चालवून घेईन. पण एकटीच का उतरून गेलीस, हे मला अजून कळत नाही.

आणखी एक, सहज लिहिते. रविवारी मी अगदी एकटी नाही. एक बाई बरोबर येते म्हणाली. लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या ऑफिसातला फ्रिज बिघडला होता, त्यावरून ओळख झाली. बाई बरी आहे. तू आलीस तर मी तिला नको म्हणून सांगेन.

मीच


१९ ऑक्टोबर

पोरी,

मागच्या पत्रातली ती 'सहज' ओळ वाचून तू काय ओळखायचं ते ओळखलं असशीलच. मी शिवणकामात टाके लपवते ते बरे लपतात, पत्रात लपत नाहीत.

हो. ती त्याचीच ओळख. तिच्या ऑफिसातला फ्रिज एकदा बिघडला, हा दुरुस्त करायला चार वेळा गेला. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. थंडी संपली की लग्न करू म्हणतात. सध्या त्याच्या गुडघ्याला बाशिंग आणि माझ्या गुडघ्याला पट्टा, असं आमचं घर चाललंय.

तुला आधी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली. हे कळलं तर तू येणार नाहीस. आणि दुसऱ्या कोणाकडून कळलं तर कधीच येणार नाहीस. दोन्हीकडून माझंच नुकसान, म्हणून काही दिवस पुढे ढकललं.

ती पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा मी मनात म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. मी तयारीने बसले होते. तुझ्या खुर्चीत बसायला लागली, तर मी सांगितलं, त्या खुर्चीचा पाय हलतो, आणि तिला स्टुलावर बसवलं. खुर्चीला काहीही झालेलं नाही. पण ती तिखट नाही गं, हाच तर सगळा घोटाळा आहे. तो बोलायला लागला, भरधाव, नेहमीसारखा, एका वाक्यात तीन फ्रिज आणि दोन गिऱ्हाइकं. तेव्हा टेबलाखाली मला काहीतरी लागलं. बघते तर तिचा उजवा पाय फरशी दाबतोय. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबायची सवय लागलेली. मला हसू आलं, तिलाही कळलं मी का हसले, आणि तीही हसली. त्यानंतर तिचा राग करायचं मी दोन-तीनदा मनावर घेतलं, पण जमलं नाही. आता मी तिला मनातल्या मनात 'ब्रेक' म्हणते. ती मला काकू म्हणते.

डोंगराचं तिनेच विचारलं. मी 'ये' म्हटलं, कारण आता खरं सांगते, गुडघा एकटीने जमेल असा राहिलेला नाही. वाट पायाखालची आहे, पण पाय भरवशाचे नाहीत. तुझ्या जागी मी तिला नेत नाहीये. तू आलीस तर तुझी जागा तुझी, आणि ती मागून चालेल. सांगितलं तर ऐकणारी आहे.

मला तुझी फार आठवण येते. हे कसं लिहायचं याचा विचार करत होते, पण मग सरळच लिहिलं.

अजूनही ये. तिघी जाऊ.

मीच


२७ ऑक्टोबर

पोरी,

तू आली नाहीस. थांब्यावर उतरल्यावर मी पुढची बस येईपर्यंत तिथेच थांबले. म्हटलं, तुला पहिली चुकली असेल, रस्ते चुकण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. दुसऱ्या बसमधून एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा उतरला. ब्रेक माझ्या शेजारी उभी होती. कोणाची वाट बघताय, असं तिने विचारलं नाही. मग मीच म्हटलं, चल.

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळेल, त्याआधी मी सांगते. मी ठणठणीत आहे, हे आधीच लिहून ठेवते.

चढताना तिचं सारखं चालू. "काकू, घाई नाही, मागून कोणी येत नाहीये." "काकू, पुढचं वळण अरुंद आहे." मी म्हटलं, बाई, तू जन्मायच्या आधीपासून मी या वळणावर वळते आहे. तर म्हणते, "हो, पण तेव्हा पानं ओली नसतील." पानं खरंच ओली होती. सगळी वाट पिवळीधमक झाली होती आणि खालचा दगड दिसत नव्हता. ओढ्यातले धोंडे अजून तसेच हिरवट आहेत, तांबं काही इतक्यात धुऊन जायचं नाही. मी मधे मधे गुडघ्याला शिव्या घालत होते आणि ती ऐकू आलं नाही असं दाखवत होती.

वर पोचलो तर तोंडाशी सिमेंटच्या पोत्यांची थप्पी, निळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेली, आणि बाजूला काँक्रीट मिसळायचं यंत्र. मी दारू प्यायलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. लोखंडी दाराच्या गजांतून तोच गार वारा येत होता. मी थोडा वेळ गजांना धरून उभी राहिले. यांची आठवण आली, साधीच, जेवायला बसताना बाह्या वर करायचे ती. मग बाकावर बसून आम्ही अंडी खाल्ली. बाकाची एकच फळी राहिली आहे, पण दोघींना पुरली.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "वरच्या बाजूला काय आहे ते बघून येते." मी म्हटलं, ये जाऊन, मी इथेच आहे. ती गेली. आणि मला वाटलं, तोवर दिव्यांची खोली बघून घेऊ, परत कुठे दिसणार आहे. छप्पर पडलंय तिचं, पण कामगार दिवे टांगायचे त्या भिंतीवरच्या खुंट्या आहेत. तुझ्या सासऱ्यांची खुंटी कोणती ते मी शोधत बसले. माझा डावा कान तुला माहीत आहे, आत कसलाच आवाज येत नव्हता. बाहेर आले तर ती अजून आलेली नव्हती. बाकावर बसले.

बसून राहिले. ती येईना. हाका मारल्या. धुकं उतरायला लागलं आणि मला वाटलं, वरच्या बाजूला खाणीत हवा सोडायचं ते खोल भोक आहे, त्याचं कुंपण कधीच मोडलंय, आणि मी तिला सांगितलंच नाही. उठून शोधायला जावं तर तो चढ माझ्याने होणारा नव्हता. खाली जाऊन माणसं आणावी, तर बाक रिकामं. तू म्हणशील, आता कुठला मुकादम आणि कुठलं काय. मला कळत होतं. पण मला उठताच येईना. मी उठले तर ती वर आहे हे जगात कोणाला ठाऊक असणार होतं?

मधे एक तरणं जोडपं पाठीवर पिशव्या घेऊन आलं. पलीकडच्या अंगाने उतरणार होते. "आजी, थंडी वाढतेय, चला आमच्याबरोबर," म्हणाले. मी म्हटलं, जोडीदार वर आहे, ती आल्याशिवाय मी हलणार नाही. त्या पोराने बिचाऱ्याने वर चढून हाका मारल्या, परत येऊन सांगितलं, कोणी नाही. मी म्हटलं, नसेल तर येईल. मुलीने तिचा मफलर माझ्या गळ्यात घातला आणि दोघं गेली. मी हट्टी आहे असं आपसात बोलत गेली. उजव्या कानाने ऐकलं मी.

तेव्हा मला भीती वाटली. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी, आणि जराशी त्याच्यासाठीही, की आता आणखी एक गेली तर हा काय करेल.

दिवस मावळता मावळता ती आली. खालून आली. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"काकू, मी आले."

"होतीस कुठे?"

"खाली. तुम्ही बाकावर दिसला नाहीत, हाकाही मारल्या. वाटलं, तुम्ही उतरलात."

"तुला सोडून?"

तिने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "आधी ही तोंडात टाका. मग उठा."

मग तिने मला उतरवलं, आणि काय उतरवलं म्हणून सांगू. सुट्या दगडांचा तो उतार आहे ना, तिथे माझं तोंड डोंगराकडे केलं, मला आडवं चालायला लावलं, स्वतः खालच्या बाजूला राहिली. वर आणि म्हणते, "काकू, कोटाचं अस्तर कसं बदलतात हो?" मी सांगायला लागले. बाही, काखेतली शिवण, मागची चूण, सगळं सांगून होईपर्यंत उतार संपला होता. घाबरायचं राहूनच गेलं. तू अगदी अस्संच करायचीस. मी मनात म्हटलं, शिकवणाऱ्या माणसांना हे उपजतच कळत असणार.

खाली तो उभा होता. मला बघून आधी ओरडला, मग रडला, मग परत ओरडला. घरी आले ती छतावर शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीतून. या वयात हेही झालं.

मफलर माझ्याकडेच राहिला. चांगल्या लोकरीचा आहे.

मीच


१ नोव्हेंबर

पोरी,

आज सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आई, त्या दिवशी मी तिला फोन केला होता." तिला म्हणजे कोणाला, हे त्याच्या मानेवरून कळलं. मान खाली घालून तो एकाच माणसाबद्दल बोलतो.

मग सगळं काढून घेतलं. ब्रेकने थांब्यावरून त्याला कळवलं, तो तिची गाडी घेऊन धावत आला, आणि दोघं तिथे उभे. ती म्हणत होती वाटेच्या कडेच्या रानात शोधू, हा म्हणत होता बचाव पथक बोलावू. हा वर कधी गेलेलाच नाही, त्याला बाक माहीत नाही की खुंट्या माहीत नाहीत. शेवटी त्याने तुझा नंबर लावला. तू पहिल्याच घंटेला उचललास. माझ्या पत्रांना तोंडाला कुलूप, आणि त्याचा फोन पहिल्या घंटेला. बरं, ते राहू दे.

तू म्हणालीस, शोधत बसू नका, त्या बाकावरच असतील. दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर उठणार नाहीत, जी बरोबर गेली होती तिलाच वर पाठवा. आणि मग फोनवर तिला एकेक सांगितलंस. उजव्या बाजूने बोल. आधी पेपरमिंट दे, भूक लागली की त्या ऐकत नाहीत. उताराला तोंड डोंगराकडे. शिवणकामाचं काहीतरी विचार, खाली बघू देऊ नकोस. हे सगळं तुझं. आणि मी वेडी तिच्या उपजत बुद्धीचं कौतुक करत बसले. मी तिला जाऊन विचारलं, तर म्हणाली, "मी सांगणार होते, पण तुम्ही इतकं कौतुक केलंत की सांगवलं नाही." म्हणजे आहे बरं का ती चोर.

पहिल्यांदा मला आनंद झाला. इतका, की चहा कपात तसाच निवला. दुपारी दुकानात बसल्यावर मात्र एक गोष्ट आठवली आणि हात थांबला.

ही तुला मी कधी सांगितलेली नाही. खाणीत जोडी बदलायची झाली, कोणाची बदली, कोणाचं वय झालं, तर जुना जोडीदार नव्याला तोंडाशी बसवून सगळं सांगायचा. हा ओल्या जागी घाबरतो. याला डाव्या हाताला ठेवू नकोस. हा उपाशी असला की चिडतो, मनावर घेऊ नकोस. सगळं सांगून झालं की जुना उतरून जायचा, आणि त्या दिवसापासून त्याचा त्या माणसाशी संबंध संपला. ठेंगूने तुझ्या सासऱ्यांना असंच सोपवलं होतं. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत.

म्हणून विचारते. तू मला सोपवलंस का?

तुला हा रिवाज ठाऊक नव्हता, हे मी मघाच लिहिलं. पण माणसाला रिवाज ठाऊक नसला तरी मनातलं ठाऊक असतं. ती चांगली आहे. तिच्या हाती पडले तर माझे हाल होणार नाहीत, हे कालपरवा मी स्वतः बघितलं. पण ती आली म्हणून तू नको, असं माझ्यात कुठेच नाही. मला दोघी हव्यात. हावरट म्हण हवं तर. कपड्याच्या माणसाला थोडं कापड जास्तच हवं असतं.

सोपवलं असशील तर तसं लिही. एका ओळीत लिही. मी ती ओळ वाचेन, रडेन, आणि पत्रं बंद करेन, तुला त्रास देणार नाही. पण गप्प राहू नकोस. गप्प बसलीस की मला दोन्ही अर्थ लावता येतात, आणि मी दिवसभर मशीनवर बसून दोन्ही लावत असते.

सोमवारी काँक्रीट ओतणार आहेत असं मुलगा सांगत होता. ओतू देत.

मीच


५ नोव्हेंबर

आई,

ही दोन अक्षरं लिहायला मला इतके महिने लागले.

तुमची सगळी पत्रं पोचली. सगळी वाचली, काही ऑफिसात टेबलाखाली धरून. दर वेळी उत्तर लिहायला बसायचे आणि वर काय लिहू, इथेच अडायचे. 'आई' लिहायला हात धजायचा नाही. ते म्हणण्याचा हक्क मी किल्लीबरोबर ओट्यावर ठेवून आले, असं मला वाटत होतं. एकदा 'काकू' लिहून पाहिलं आणि कागद चुरगळून टाकला. वर काहीच न लिहिता सुरुवात केली, तर ते पत्र विजेच्या बिलासारखं दिसायला लागलं. मग उद्या लिहू, परवा लिहू. याला कारण म्हणावं इतकं ते शहाणपणाचं नाही, पण दुसरं कारण नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले नाही, कारण तुम्ही दारात दिसला असतात तर मी गेले नसते. आणि मला जायला हवं होतं. तुमच्या मुलासाठी नाही, माझ्यासाठी. तुम्हाला न सांगता गेले याचं मला रोज वाईट वाटलं.

रविवारी त्याचा नंबर दिसला तेव्हा मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं. त्याला बोलता येईना, म्हणून फोन तिने घेतला. तिने विचारलं, "काकू कुठे असतील?" मी म्हटलं, "आई बाकावर असतील." ठरवून नाही म्हटलं, तोंडातून निघून गेलं.  मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि बोलली तरी चूक नाही. ती म्हणाली, "बरं. मग आईंना खाली कसं आणायचं ते सांगा."

म्हणून मी सांगितलं. आई, मी तुम्हाला कोणाला सोपवलेलं नाही. मी लांब होते आणि ती जवळ होती, एवढंच. तुम्ही थांब्यावर पोचलात तेव्हा तिने मला कळवलं, घरी पोचलात तेव्हा पुन्हा कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहात साखर जास्त मागितलीत, तर देऊ का असं मला विचारलं. बाई खरंच बरी आहे. तिला खुर्चीत बसू द्या.

फोन ठेवला. तुम्ही धुक्यात बसलात, ती तिथे नव्हती आणि तरी तुम्ही उठला नाहीत, हे मला इथे बसून दिसत होतं. मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही इतके महिने माझ्यासाठीही हेच करत होतात, आणि मी खाली बसस्टॉपवर उभी राहून समजत होते की तुम्ही निघून गेला असाल.

शनिवारी येते. खाण तोवर बंद झालेली असेल, पण मी खाणीसाठी येत नाहीये. घरी येईन, तो असला तरी चालेल, आणि रात्री तुमच्या खोलीत झोपेन. या पत्राला उत्तर पाठवू नका. ते इथे पोचायच्या आत मी तिथे असेन.